मामांची पदकं

शाळेची घंटा म्हटलं की मला मामा आठवतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आपल्या शाळेत शिपाई झाले. आपल्या सातारा भागात फौजी माणसाचं नवल नाही. तरी २६ जानेवारीला मामा पदकं लावून झेंड्याजवळ उभे राहिले की आमची नजर त्यांच्या छातीवरून हलत नसे.

नववीत सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. उत्साहाच्या भरात मी म्हणून गेलो, "वीरचक्र विजेते आपले मामा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा मात्र मान खाली घालून उभे.

झेंडावंदनानंतर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. रागावले नाहीत. एकेका पदकावर बोट ठेवत म्हणाले, "ह्यो पूर्वी स्टार, हे संग्राम मेडल. एकाहत्तरच्या लढाईत पूर्व आघाडीवर जे जे होते, त्या समद्यांना मिळाली. वीरचक्र येगळं, बाळ. परमवीर, महावीर आणि मग वीरचक्र. चांदीचं असतंय, त्यावर पाच टोकांचा तारा, फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. त्याच लढाईत, बांगलादेशातल्या जमालपूरला, आमच्या जंगी पलटणीचे सीओ, म्हंजी कमांडिंग ऑफिसर, ब्रारसाहेब, त्यांना मिळालं. दुसऱ्याचा मान माझ्या नावावर नको."

थोडं थांबून म्हणाले, "आन् 'विजेता' म्हणू नगंस. ती काय कुस्तीची गदा हाय जिंकायला?"

मग त्यांनी रायगडच्या नाईक यशवंत घाडगेंची गोष्ट सांगितली. १० जुलै १९४४, इटली. त्यांच्या सेक्शनचे, म्हणजे लहान तुकडीचे, सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात पडले, काही ठार, काही जखमी. घाडगे एकटेच त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावले. ग्रेनेड फेकला, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना टॉमीगनच्या दस्त्यानं लोळवलं. तिथंच लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं ते मरणोत्तर. "त्यो काय क्रॉस जिंकायला धावला व्हता?" एवढं बोलून मामा घंटा द्यायला उठले.

आज मामा नाहीत. मी पुढे फौजेत गेलो नाही, पण वर्तमानपत्रात 'शौर्यपदक विजेता' वाचलं की अजूनही मन अडखळतं. सुवर्णमहोत्सवात शाळेशी नातं असलेल्या सैनिकांच्या नावांचा फलक लागणार असं कळलं. खर्चाचा वाटा आमची बॅच उचलेल. एकच विनंती, प्रत्येक पदकाचं नाव खात्री करून लिहा आणि 'विजेते'च्या जागी 'सन्मानित' लिहा. मामांच्या नावापुढे पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, एवढंच.