एकच उतार, पुन्हापुन्हा

लिफ्टची सोय असलेल्या डाउनहिल पार्कात, म्हणजे डोंगरउतारावरून सायकल चालवण्यासाठी वाटा आखलेल्या ठिकाणी, मला सर्वांत मोलाची वाटते ती एकच वाट एका दिवसात अनेकदा उतरण्याची मुभा. पायडल मारत डोंगर चढणाऱ्याच्या वाट्याला मोठा उतार दिवसातून एकदा, फार तर दोनदा येतो; चेअरलिफ्टला सायकल अडकवून वर जाणाऱ्याला मात्र चुकलेले वळण थोड्याच वेळात पुन्हा घेता येते.

कॅनडातील व्हिसलर पार्कातली ‘ए-लाइन’ ही वाट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्यावरच्या बहुतेक उड्या टेबलटॉप प्रकारच्या आहेत, म्हणजे जिथून सायकल हवेत उडते आणि जिथे ती उतरते त्यांच्यामधला भाग मातीने भरून सपाट केलेला असतो, आणि म्हणून उडी तोकडी पडली तरी चाक खड्ड्यात जात नाही. अर्थात, हाडे शाबूत राहतीलच अशी हमी नाही! पहिली फेरी वाट पाहून घेण्यापुरती, दुसरी सावकाश आणि वेग त्यानंतरच, हा अनेक पार्कांतून सांगितला जाणारा क्रम लिफ्टमुळेच पाळता येतो.

या पुनरावृत्तीची झळ आधी हातांना बसते. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू ताठरतात आणि ब्रेकवरचे बोट नीट दाबले जात नाही. सुमारे २०० मिलिमीटर खाली-वर होणारे सस्पेन्शनही यातून पूर्ण सुटका करत नाही. ‘ही शेवटची फेरी’ असे मोठ्याने म्हणू नये, हा डाउनहिलवाल्यांचा संकेत वरवर अंधश्रद्धेसारखा दिसतो, पण दमल्या हातांनी केलेल्या फेरीतच अपघाताची भीती अधिक असल्यामुळे मला तो शहाणपणाचा वाटतो.

दुसरी झळ जमिनीला बसते. वळणाच्या तोंडाशी सगळेच ब्रेक लावतात, माती पुढे ढकलली जाते आणि तिथे लहान उंचवट्यांची रांग तयार होते. मग त्या उंचवट्यांवर चाकाची पकड सुटते म्हणून पुढचा आणखी अलीकडे ब्रेक लावतो आणि रांग लांबत जाते. मागचे चाक जाम करून धूळ उडवत वळणे घेणारा छायाचित्रात शोभतो, परंतु त्याने उकरलेली माती फावड्याने पुन्हा बसवावी लागते ती वाटेची निगा राखणाऱ्यांना. उडीच्या उतरणीवर न थांबणे आणि पडल्यास आधी सायकल बाजूला ओढणे हे नियम नवखाही पहिल्याच दिवशी शिकतो, ब्रेक वळणाआधी सरळ वाटेवरच आटोपण्याची शिस्त मात्र मुरलेल्यांमध्येही कमीच आढळते.