मिशनऱ्यांनी काय दिलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी स्वतःहून काढत नाही. सोसायटीतल्या काकू, शाळेतल्या सहकारी बाई, एकदा तर एसटीत शेजारी बसलेले गृहस्थ. आधी म्हणतात, ‘तुम्ही ख्रिश्चन वाटत नाही हो!’ मग ओळख जरा मुरली की आवाज खाली येतो. ‘खरं सांगा, मिशनऱ्यांनी काय दिलं होतं तुमच्या लोकांना?’

ज्वारी दिली.

आमच्या घरात हे कधी कुणी लपवलं नाही. पणजोबा नेवासे तालुक्यातले, वडाळ्याजवळच्या एका गावच्या महारवाड्यातले. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. अमेरिकन मराठी मिशनच्या कामावर विहीर खोदायला गेले आणि घरी ज्वारी आली. आजी सांगायची, त्या ज्वारीत खडेच फार होते.

पण दुष्काळ मीही पाहिलाय. १९७२ साली मी दहा वर्षांची होते. अमेरिकेतून मिलो ज्वारी यायची, लालसर, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. शाळेत सुकडी मिळायची. अख्ख्या गावानं ती खाल्ली, पाटलांच्या घरानंसुद्धा. पाऊस पडल्यावर जो तो आपापल्या देवाकडे परत गेला. धान्यानं माणूस बदलत असता तर त्या वर्षी अर्धा नगर जिल्हा चर्चमध्ये दिसला असता.

पणजोबा मात्र पाऊस पडल्यावरही मिशनकडेच जात राहिले. का, ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही, कारण तेव्हा त्यांना लिहिता येत नव्हतं. आजीकडून कळलं ते एवढंच: तिथल्या शाळेत त्यांचा मुलगा ओट्यावर नाही, आत बसायचा. शिकवणारे मास्तर आपल्यातलेच होते, आणि त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणायचे, नुसतं नावानं हाक मारायचे नाहीत. पुढे पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं बलुतं बंद केलं. म्हणजे देण्याघेण्याचाच हिशेब मांडायचा, तर गेलं ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

हिशेब आजही तसाच चाललाय. पणजोबांचे चुलतभाऊ महारवाड्यातच राहिले, त्यांची नातवंडं १९५६ नंतर बौद्ध झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्या चुलत घरातल्या मुलांना मिळतं ते प्रमाणपत्र माझ्या मुलाला मिळत नाही. पणजोबा लाभासाठी गेले असतील, तर सौदा फारच कच्चा केला म्हणायचा.

नारायण वामन टिळकांना हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. ते ब्राह्मण, कवी, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बायको, नातेवाईक, घर सगळ्यांशी ताटातूट झाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, त्याही स्वतःशी भांडून. पंडिता रमाबाईंना तरी ‘काय दिलं?’ असं विचारायची छाती कुणाची आहे? ज्यांच्याकडे राहून त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्याशीच त्या धर्मावरून पत्रांतून वाद घालत होत्या. म्हणजे शिकलेल्या माणसानं धर्म बदलला की तो विचार, आणि महारवाड्यातल्यानं बदलला की ती ज्वारी. पणजोबांनाही डोकं होतं, एवढं तरी धरून चालायला काय हरकत आहे?

मिशनऱ्यांची वकिली मला करायची नाही. १८३० च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सननी हिंदू धर्मावर जी टीका चालवली, ती काही प्रेमळ नव्हती. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये छापील उत्तर दिलं, ते बरंच केलं. खुद्द टिळकांनाही मिशनचा साहेबी थाट खुपत होता. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तमंडळी काढली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आज पेटी-तबल्यावर त्यांची भजनं म्हणताना आमच्या मंडळीत कुणाला हे आठवत नाही. आणि हल्ली मांडव घालून ज्या चंगाई सभा होतात, कर्णे लावून कॅन्सर बरा करणाऱ्या, त्यांच्या वाटेला मी जात नाही. माझ्या बहिणीनं अशा एका सभेनंतर मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि पंधरा दिवस दवाखान्यात काढले. तिथे मात्र ‘काय दिलं’ हा प्रश्न जरूर विचारा. मीही विचारते.

गोरा मिशनरी मी शेवटचा पाहिला तो लहानपणी, म्हातारा, अस्सल नगरी मराठी बोलणारा. आता आमचे पाळक नगर जिल्ह्यातलेच, उसाच्या भावावर तावातावानं बोलणारे. पण लोकांच्या डोक्यातला मिशनरी अजून टोपी घालून बैलगाडीतूनच येतो.

राहता राहिला तुमचा दुसरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण ओठांवर होता: ‘मूळचे कोण?’ त्याबद्दल तुम्हाला कशाला नावं ठेवू? मागच्या नाताळात भाच्यासाठी स्थळ पाहायला गेलो होतो. घर आपल्यातलंच, भिंतीवर येशूचं चित्र. सलाम झाला, चहा झाला, प्रार्थना झाली. मग मुलीच्या आत्यानं माझ्याजवळ सरकून हळूच विचारलं, ‘मूळचे कोण तुम्ही?’

मी म्हटलं, ‘नेवासे तालुक्यातले.’

‘ते झालं हो,’ आत्या म्हणाल्या, ‘पण त्याच्या आधी?’