तीन सुस्कारे

हिवाळाभर गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीवरची खोळ काढताना माझा हात दर वर्षी थोडा रेंगाळतो. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर टाकलेले मीठ पत्रा खाते, त्यामुळे माझी १९८८ सालची माझदा आरएक्स-७ थंडीचे चार महिने आतच काढते आणि मीठ पावसाने धुऊन गेल्यावरच बाहेर येते. टायरांत हवा भरणे, चार्ज केलेली बॅटरी पुन्हा जोडणे, एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने संसार थाटलेला नाही ना हे पाहणे, ही कामे कोणत्याही गाडीला चुकत नाहीत. किल्ली फिरवण्याचे काम मात्र या गाडीत वेगळे आहे.

हिच्या इंजिनात वर-खाली होणारे पिस्टनच नाहीत. मधोमध किंचित चिमटल्यासारख्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो; असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसीचे. रोटरची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या तीन होतात. रोटरच्या प्रत्येक टोकावर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची धातूची पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात, आणि सगळे कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवा-पेट्रोलचे दाबले जाणे, ती पट्टी पोकळीच्या भिंतीला चिकटून राहण्यावर अवलंबून असते. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेचे इंजिन १९५७ साली जर्मनीत एनएसयू या वाहन कंपनीकडे प्रथम फिरले. पुढे माझदाच्या अभियंत्यांनी ते हाती घेतले तेव्हा याच पट्ट्या थरथरत भिंतीवर ओरखडे काढू लागल्या. त्या ओरखड्यांना त्यांनी ‘सैतानाची नखे’ असे नाव दिले होते आणि ती नखे बोथट करूनच १९६७ साली माझदाची कॉस्मो स्पोर्ट ही गाडी रस्त्यावर आली. मला ते नाव फार आवडते. रात्री-अपरात्री बिघाडाशी झुंजलेल्या माणसालाच असे नाव सुचावे.

या पट्ट्यांना तेलाचा पातळ थर लागतो. त्यासाठी एक छोटा पंप चालत्या इंजिनात थेंबाथेंबाने ऑइल सोडत असतो, म्हणजे ही गाडी ऑइल पिते तो तिचा रोग नसून आहारच आहे. शिवाय मी जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरप्रमाणे पेट्रोलमध्येही थोडे ऑइल मिसळतो. मात्र गार इंजिन सुरू करताना पेट्रोल जास्त सोडले जाते, आणि इंजिन तापण्याआधीच बंद केले तर ते न जळलेले पेट्रोल भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकते. मग प्लग ओले, कॉम्प्रेशन गायब, आणि स्टार्टर नुसताच गरगरत राहतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. गाडी नवीन असताना (माझ्यासाठी नवीन, तिचे वय तेव्हाच वीसच्या पुढे होते) मी एकदा ती गॅरेजातल्या गॅरेजात फूटभर सरकवायची म्हणून सुरू केली, सरकवली आणि लगेच बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची घाई, आणि गाडी हूं की चूं करेना. अख्खा रविवार प्लग काढून पुसण्यात गेला. संध्याकाळी प्लगच्या भोकांतून चमचाभर ऑइल सोडल्यावर ती एकदाची सुरू झाली आणि तिने इतका निळा-पांढरा धूर ओकला की समोरचे कुंपण दिसेनासे झाले.

तेव्हापासून थंडीनंतरचे पहिले स्टार्ट मी पेट्रोलशिवायच करतो. इंजेक्शनचा फ्यूज काढतो, पुढच्या रोटरचा एक प्लग सोडवतो आणि मुलीला किल्ली फिरवायला बसवतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ती सेल मारते आणि मी बॉनेटखाली कान देऊन उभा राहतो. रोटरच्या प्रत्येक फेरीला प्लगच्या भोकातून तीन सुस्कारे निघतात, एकेका बाजूचा एकेक. ते सारख्या जोराचे असले की पट्ट्या शाबूत आहेत. त्यांतला एखादा गळून फुस-फुस आणि मग रिकामी जागा ऐकू आली, तर इंजिन उघडण्याचे दिवस आले. कॉम्प्रेशन मोजण्याचे यंत्र मिळते, पण माझा विश्वास कानावर.

“बाबा, हे दमल्यासारखं का वाजतं?” तिने यंदा विचारले. तिन्ही सुस्कारे सारखे होते, म्हणून मला हसता आले.

प्लग बसवला, फ्यूज लावला. आधी काही क्षण नुसतीच घरघर झाली, मग एक अडखळता ठोका पडला आणि एकदम ती सलग गुणगुण सुरू झाली, जिच्यात पिस्टनची धडधड शोधूनही सापडत नाही. धूर थोडाच आला. तापमानाचा काटा अजून तळाशीच होता, इतक्यात दारातून हाक आली, “अहो, ती जरा मागे घेऊन बंद करता का? मला माझी गाडी काढायची आहे.”

मी ती मागे घेतली. बंद न करता तशीच फाटकाबाहेर काढली, आणि काटा मध्यावर येऊन स्थिरावल्यावरही बराच वेळ घराकडे वळलो नाही.