क्रियापद वळणापलीकडे गेलं तर

रिक्षावरचा भोंगा एका माणसाला फार थोडा वेळ ऐकू येतो. रिक्षा जवळ येते, समोरून जाते आणि वळते. तेवढ्यात त्याच्या कानावर जेमतेम दोन छोटी वाक्यं पडतात. नाशकात मी अशा भोंग्यांसाठी मजकूर लिहिते आणि आवाजही देते. साड्यांचे सेल, क्लासचे प्रवेश, निवडणुकीचा प्रचार, सगळं. लोकांना वाटतं, या धंद्यात आवाजच महत्त्वाचा. मला विचाराल तर वाक्य कुठे संपतं ते महत्त्वाचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुधा त्याच्याही मागे. ‘पुलाखाली गाड्या लावू नका’ यातलं ‘नका’ वळणापलीकडे गेलं, की ऐकणाऱ्यापाशी ‘पुलाखाली गाड्या लावू’ एवढंच उरतं. म्हणून भोंग्यासाठी मी नकारार्थी वाक्य शक्यतो लिहीत नाही. ‘पुलाखालच्या गाड्या काढा’ असं लिहिते. शेवट निसटला तरी उलटा अर्थ तरी पोहोचत नाही.

पावसाळ्यातल्या त्या बुधवारी सकाळीच एका कचेरीतून मजकूर आला. लगेच रेकॉर्ड करून रिक्षा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी पाठवायची होती. मजकूर असा:

‘गंगापूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रात सुरू असलेल्या संततधार पावसामुळे धरणातून टप्प्याटप्प्याने विसर्ग वाढविण्यात येणार असल्याने गोदावरी नदीकाठच्या रहिवाशांनी, व्यावसायिकांनी व भाविकांनी सतर्क राहावे, आपले साहित्य सुरक्षित स्थळी हलवावे तसेच नदीपात्रात कोणीही उतरू नये.’

एवढं सगळं मिळून एकच वाक्य. कागदावर त्यात चूक काढता येणार नाही. कारण आधी, परिणाम नंतर, आणि कोणी काय करायचं तेही आहे. पण रस्त्यावर उभ्या माणसाला त्यातला ‘पाणलोट’ ऐकू येईल किंवा ‘तसेच’ ऐकू येईल. करायचं काय ते सगळं शेपटाकडे, आणि तेही ‘राहावे’, ‘हलवावे’, ‘उतरू नये’ अशा विध्यर्थी रूपांत. विध्यर्थात कर्तव्य असतं तशी नुसती इच्छाही असते, अपेक्षाही असते. ‘हलवावे’ ऐकून माणूस मान डोलावतो आणि ‘हलवा’ ऐकून हात लावतो. कचेऱ्यांना विध्यर्थ का आवडतो, तेही मला कळतं. सूचना दिल्याची नोंद होते, पण कोण कोणाला सांगतंय ते कुठेच उघड होत नाही. माणसं हलवायची असताना नोंदीची भाषा वापरणं मला मुळीच पटत नाही.

फोन केला तर तिकडचे कारकून म्हणाले, “ताई, मजकूर साहेबांनी मंजूर केलाय. शब्द बदलता येणार नाही.” मी म्हटलं, “बदलत नाही. त्याच्या आधी माझी चार वाक्यं लावते, मागून तुमचं जसंच्या तसं.” साहेबांना विचारून त्यांनी होकार कळवला. ऐन घाईत त्यांनी एवढं केलं, याचं मला खरंच बरं वाटलं. मी बोलले ते असं: ‘धरणातून पाणी सोडलंय. गंगेचं पाणी वाढतंय. माल उचला. वर चला.’ सगळी केवल वाक्यं, म्हणजे एकेका क्रियापदाची. दोन विधानार्थी, दोन आज्ञार्थी.

रिक्षावाल्या काकांसोबत मीही निघाले. पंचवटी कारंजावरून खाली उतरलो, तेव्हा गंगाघाटावर बुधवारचा बाजार मांडायला सुरुवात झाली होती. पाणी गढूळ आणि फुगलेलं. बाजारकऱ्यांनी पहिल्या फेरीतच पाट्या आवरायला घेतल्या. एका भाजीवाल्या मावशींनी हात करून रिक्षा थांबवली. “किती क्युसेक सोडलंय गं?” एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लीटर पाणी. मावशींना त्या हिशेबाची गरजच नव्हती. आकडा ऐकताच त्यांनी तो मनातल्या मनात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजला. गंगेवरच्या लोकांचं पुराचं माप तेच, मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी.

रामकुंडाजवळ मात्र एक कुटुंब जागचं हललं नाही. बाहेरगावहून दशक्रियेला आलेलं. ‘माल उचला’ हे त्यांनी ऐकलं आणि दुकानदारांसाठी आहे असं समजून सोडून दिलं. आज्ञार्थी वाक्यात कर्ता बहुधा बोलून दाखवलेला नसतो. गर्दीत ज्याचा तो ठरवतो, आपल्याला म्हणताहेत की शेजाऱ्याला. मी काकांकडून माइक घेतला आणि विचारलं, “विधीला कोण आलंय? बाहेरगावचं कोण आहे?” लगेच माना वळल्या. प्रश्नार्थी वाक्यानं माणूस हुडकता येतो. भोंग्यावर आम्ही ते सेलसाठी सर्रास वापरतो, सूचनेत कोणी वापरत नाही.

माना वळल्या, पण पाय हलले नाहीत. त्यांच्यातले वडीलधारे आजोबा म्हणाले, “पोरी, पिंडाला कावळा शिवल्याशिवाय कसं उठायचं?” यावर कुठलीही आज्ञा चालणार नव्हती. मी रिक्षातून उतरून जवळ गेले आणि हळू सांगितलं, “आजोबा, पाणी या पायरीवर आलं, तर मागची वाट बंद होते. मग बायका-मुलांना कुठून नेणार?” त्यांनी पायरीकडे पाहिलं, मागे पाहिलं, गुरुजींशी दोन शब्द बोलले. मग पान उचलून सगळे वरच्या बाजूला गेले. कावळा तिथे शिवला का, ते मला कळलं नाही. आम्हाला सराफ बाजाराकडे जायचं होतं.

तेव्हापासून ते ‘तर’ माझ्या डोक्यात आहे. भोंग्याच्या मजकुरातून मी जर-तर नेहमीच काढून टाकते. अर्धं वाक्य ऐकलेल्याला अट कळते, करायचं काय ते कळत नाही. पण आजोबांना त्या संकेतार्थी वाक्यानंच उठवलं, कारण ठरवायचं काम त्यात त्यांच्याकडे राहिलं.

2027चा सिंहस्थ समोर आहे. घाटावर दुतोंड्या मारुती ठाऊक नसलेली माणसं लाखांनी येणार. त्यासाठी एक वाक्य लिहून ठेवलंय: ‘पाणी पायरीला लागलं, की वाट बंद.’ आटोपशीर आहे, रिक्षा वळायच्या आत संपतं. काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “ताई, हे ऐकून लोक पायरीला पाणी लागायची वाट बघत बसतील.” एका माणसाला जवळ जाऊन सांगितलेली अट त्याला उठवते, हजारांना भोंग्यावरून सांगितली तर तीच थांबायची मुभा होते. काकांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही, आणि वाक्य अजून रेकॉर्ड केलेलं नाही.