प्लॉटचा दिवस लिहा, मगच विचारा

आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणापासून दिंडोरी-निफाडपर्यंतची मंडळी आहेत, आणि निम्म्या गोंधळाचं मूळ तिथंच होतं. बागलाणातल्या अर्ली बागांची छाटणी पावसाळ्यातच उरकते. आमच्या दिंडोरीकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, कुणाची त्याहून उशिरा. त्यामुळे नोव्हेंबरातल्या एकाच सकाळी कुणाच्या मण्यात पाणी उतरलेलं असतं (म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागलेले), कुणाचा माल फुलोऱ्यात असतो, तर कुणाची बाग नुकती पोंग्यात, म्हणजे डोळे फुटायच्या अवस्थेत. विचारतात मात्र सगळे एकच: "आज काय मारू?"

ग्रुपचं अॅडमिनपद माझ्या गळ्यात पडलं, तेव्हाची एक सकाळ सांगतो. कुणीतरी पानाचा फोटो टाकलेला. त्याखाली दुसऱ्याचं, "घड पोपटी झालेत, पहिला जीए किती पीपीएम?" (जीए म्हणजे जिबरेलिक अॅसिड, वाढीचं संजीवक.) त्याखाली तिसऱ्याचं, "पाणी उतरलंय, भुरी दिसतेय, गंधक चालेल का?" (भुरी हा बुरशीचा रोग.) मग एक लग्नपत्रिका. आणि पत्रिकेखाली आमच्या जाणत्या अण्णांचं उत्तर: "चालेल. बिनधास्त मारा."

कोणी काय मारायचं? अण्णा बोलत होते पानाच्या फोटोबद्दल. त्या फोटोवाल्याशी एका वेगळ्याच औषधाबद्दल त्यांचं फोनवर आधी बोलून झालेलं होतं. पण पाणी उतरलेल्या बागेवाल्यानं ते स्वतःसाठी धरलं असतं, तर मण्यांवर डाग बसले असते आणि डाग दिसले की व्यापारी भाव पाडतो. शिवाय प्रत्येक औषधाला काढणीपूर्व कालावधी असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवस सोडावे लागतात. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, ते निर्यातदार अजून विसरलेले नाहीत. भलत्या प्रश्नाखाली पडलेलं "चालेल" आमच्या धंद्यात चेष्टेवारी नेण्यासारखं नाही.

आधीच्या अॅडमिनांनी लांबलचक नियमावली टाकून ठेवली होती. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही. मग काहींच्या आग्रहानं फक्त अॅडमिनच लिहू शकेल असं सेटिंग करून पाहिलं. ग्रुप स्मशानशांत झाला आणि सगळे एकमेकांना फोन करायला लागले. दहा जणांच्या उपयोगाचं उत्तर एकाच्याच कानात जाऊ लागलं. ते सेटिंग लगेच काढलं. माझं मत तेव्हाच पक्कं झालं, की तोंडं बंद करून काही होणार नाही, प्रश्नच नीट विचारायला लावला पाहिजे.

म्हणून एकच साचा ठरवला: गाव, वाण, छाटणीला आज कितवा दिवस, मागची फवारणी कोणती, पाऊस किंवा दव आहे का. फोटो असेल तर पानाच्या दोन्ही बाजूंचा. याला कारण आहे. डाऊनीचे, म्हणजे केवडा रोगाचे, पिवळसर तेलकट डाग पानाच्या वर दिसतात, पण खात्री होते ती पान उलटून खालची पांढरी बुरशी पाहिल्यावर. नुसत्या वरच्या फोटोवर आमच्याकडे वाद रंगायचा, एकजण डाऊनी म्हणणार, दुसरा अन्नद्रव्याची कमतरता. आता अर्धवट प्रश्न आला की कुणीतरी फक्त "दिवस?" एवढंच लिहितं. रागावत कुणी नाही, कारण सगळ्यांनाच कधी ना कधी विचारलेलं असतं.

उत्तराचं शिकवणं जास्त जिकिरीचं निघालं. ज्या मेसेजला उत्तर द्यायचं तो उजवीकडे सरकवा, वरती तो चिकटून दिसतो, मग लिहा. पोरांना हे सांगायची गरजच नव्हती. तात्या मात्र म्हणाले, "एवढं कशाला? समजतं की सगळ्यांना." वाद न घालता त्यांना त्यांचाच मोबाइल दाखवला. तीन वेगवेगळ्या प्रश्नांखाली त्यांचा एकच "हो" पडला होता. "हा कुणाला होता, तात्या?" त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं, सरकवायचं कसं ते दाखव."

दुकानदारांना आम्ही काढलं नाही. त्यांना माहिती असते आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. अट एवढीच, की ब्रँड न लिहिता औषधाचा घटक आणि प्रमाण लिहायचं. दोघंजण यावर रुसून निघून गेले, त्याचं फार वाईट वाटलं नाही. "मलाही सांगा", "फॉलो" असले मेसेज बंद केले. ज्याला उत्तर जपून ठेवायचंय त्यानं स्टार करावा, पटलं तर अंगठा द्यावा. भावाचा फॉरवर्ड आला तर त्यावर तारीख आणि बाजाराचं नाव हवं. नाहीतर गेल्या वर्षीचा चढा भाव फिरत राहतो आणि दारात आलेल्या व्यापाऱ्याला लोक उगाच परत पाठवतात.

लग्नपत्रिका, सुप्रभात, ट्रॅक्टर विकणे आहे, राजकारण, या सगळ्यासाठी "कट्टा" नावाचा वेगळा ग्रुप काढला. हे आधीच करायला हवं होतं असं सगळे म्हणाले. माणसं गप्पा मारणारच, त्यांना जागा द्यायला हवी. चुकीच्या जागी काही पडलं, तर मी सगळ्यांसमोर टोकत नाही. खासगीत लिहितो, "काका, हे कट्ट्यावर टाकाल का?" काका टाकतात. चारचौघांत टोकलेला माणूस ग्रुपवर राहतो, पण पुन्हा उत्तर देत नाही, आणि आमचा सगळा डोलारा उत्तर देणाऱ्यांवर आहे.

दुसरा अॅडमिन मिळायला वेळ लागला. "कुणी काही भलतंसलतं टाकलं तर केस आपल्यावर," ही धास्ती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय, की सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. ती बातमी दाखवल्यावर निफाडचे एक भाऊ तयार झाले.

सगळ्यात उपयोगी पडलेली सवय मात्र कुणी ठरवून लावली नाही. ज्याला सल्ला मिळाला तो आठवड्यानं त्याच मेसेजला धरून लिहायला लागला: फवारलं, डाग थांबले, किंवा थांबले नाहीत. "थांबले नाहीत" हे वाचायला अण्णांना आवडत नाही, पण पुढचं उत्तर ते जास्त विचार करून देतात.

व्हॉइस मेसेजचं अजून जमलेलं नाही. ज्येष्ठ मंडळी फवारणीचा ब्लोअर चालू असताना तीन-तीन मिनिटं बोलतात, त्यात औषधाचं नाव नेमकं आवाजात बुडतं. सध्या अण्णांचा नातू ऐकून खाली दोन ओळींत सार लिहितो आणि अण्णांना विचारून प्रमाण पक्कं करतो. त्याची यंदा दहावी आहे, त्यामुळे परीक्षेआधी दुसरं कुणीतरी शोधावं लागेल.