उद्या ऑपरेशन आहे : आदल्या दिवशीची भीती आम्ही वॉर्डात कशी ओळखतो आणि कशी उतरवतो

सर्जरी वॉर्डात हर्निया, पित्ताशय, थायरॉईड, गर्भपिशवी असे ठरवून करायच्या ऑपरेशनचे पेशंट बहुधा आदल्या दिवशी भरती होतात. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, छातीचा एक्सरे आणि भुलीच्या डॉक्टरांची तपासणी यात दुपार जाते. या सगळ्याच्या जोडीला पेशंटची भीती असतेच, पण तिच्यासाठी केसपेपरवर वेगळा रकाना नसतो. स्टाफ नर्स म्हणून माझं काम तिथूनच सुरू होतं.

‘घाबरू नका, काही होत नाही’ हे वाक्य मी वापरत नाही. त्याने कोणाची भीती गेलेली नाही, उलट पेशंट पुढचं बोलणं बंद करतो. नेमकी कशाची भीती, किती, आणि ती खरंच भीतीच आहे का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय धीर देण्यात अर्थ नसतो.

भरतीच्या वेळचं बीपी हा पहिला धागा. जिना चढून आलेल्या माणसाचं १६०/१०० आलं म्हणून लगेच डॉक्टरांना फोन करायचा नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटं शांत बसवायचं. दंड छातीच्या पातळीवर ठेवायचा, दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) दंडाच्या मापाचा घ्यायचा आणि मोजताना त्यांच्याशी बोलायचं नाही, कारण बोलण्यानेही आकडा वाढतो. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. निव्वळ भीतीचं बीपी यात बरंचसं खाली येतं. हे न करता पहिलाच आकडा पुढे गेला की सकाळी केस पुढे ढकलली जाते, आणि पुढच्या वेळी तोच पेशंट दुप्पट घाबरून येतो.

नाडी पूर्ण एक मिनिट मोजते. बोटं मनगटावरून न काढता, काही न सांगता पुढचं एक मिनिट श्वास मोजते; ‘श्वास मोजतेय’ म्हटलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. नाडी शंभरच्या वर, श्वास विसाच्या वर, तळहात गार आणि ओले, तोंड कोरडं असेल तर नोंद घ्यायची. मधूनमधून येणारा मोठा उसासा मोजण्यात सापडत नाही, पण तोही लक्षात ठेवायचा.

बाकीचं वागण्यातून दिसतं. तोच प्रश्न तीनदा विचारणं, दर वीस मिनिटांनी संडासला जाणं, सांगितलेलं लगेच विसरणं, संमतीपत्रावर सही करताना पेन कागदावर टेकवून थांबणं. बायका निदान ‘जीव घाबरा होतोय’, ‘पोटात गोळा येतो’ असं बोलून दाखवतात. पन्नाशी-साठीचे पुरुष बहुतेक वेळा भीती बोलत नाहीत. ते जेवणावरून मुलावर खेकसतात, ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणतात आणि रात्री नवाच्या सुमारास सांगतात, ‘सिस्टर, सुगी झाल्यावर करू ऑपरेशन.’ अशा वेळी डिस्चार्जच्या फॉर्मकडे हात न नेता खुर्ची ओढून शेजारी बसावं.

भीती मोजायला ऑपरेशनपूर्वीची सहा प्रश्नांची ॲमस्टरडॅम प्रश्नावली मला सगळ्यांत सोयीची वाटते. दोन प्रश्न भुलीबद्दलच्या काळजीचे, दोन ऑपरेशनबद्दलचे आणि दोन माहिती किती हवी याचे. प्रत्येकाला १ ते ५ गुण. काळजीच्या चार प्रश्नांची बेरीज ११ किंवा जास्त आली की भीती लक्ष देण्याजोगी समजायची. पण खरा उपयोग शेवटच्या दोन प्रश्नांचा. काहींना सगळं जाणून घ्यायचं असतं, काहींना अजिबात नको असतं. नको असलेल्याला चिरा कुठे आणि टाके किती हे ऐकवलं तर भीती वाढते. चिंता मोजायची सात प्रश्नांची जीएडी-७ ही यादीही चांगली आहे, पण ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीसाठी ती नव्हे.

वाचता न येणाऱ्यांना शून्य ते दहा विचारतात. वयस्कर माणसांना मी आण्यात विचारते : ‘काका, रुपयात किती आणे भीती वाटतेय?’ उत्तर चटकन येतं, ‘बारा आणे धरा.’ नंतरही त्याच मापात विचारायचं, म्हणजे उतार पडला की नाही ते कळतं.

अमेरिकन नर्सिंग तज्ज्ञ हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी सांगितलेल्या चिंतेच्या चार पायऱ्या नर्सिंगला शिकवतात : सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देण्यासारखं ते नाही, कारण किती बोलायचं हे त्यावरच ठरतं. सौम्य चिंतेत माणूस जास्त सावध असतो, शिकवायचं ते तेव्हाच शिकवून घ्यावं : खोकताना टाक्यांवर उशी कशी धरायची, कुशीवर वळून कसं उठायचं. मध्यम चिंतेत एका वेळी एकच गोष्ट सांगून ती परत म्हणून घ्यायची. तीव्र चिंतेत शिकवणं वाया जातं, तिथे चार-पाच शब्दांची वाक्यं. पॅनिकमध्ये फक्त सोबत थांबायचं.

पण त्याआधी शरीर तपासणं आलंच. चिंता म्हणून सोडून दिलेली धडधड भलतीच काही निघू शकते. डायबेटिसचा पेशंट उपाशी आहे, घाम आणि थरथर आहे : आधी ग्लुकोमीटर. साखर सत्तरच्या खाली असेल तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. रोज दारू घेणाऱ्याला शेवटचा घोट घेतल्यापासून सहा-आठ तासांतच हात कापणं, घाम, बेचैनी सुरू होऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके किंवा भ्रमापर्यंत गोष्ट जाते. म्हणून ‘घेता का?’ असं न विचारता, बायकामुलं समोर नसताना ‘शेवटची कधी घेतली?’ असं विचारायचं. तंबाखू आणि मिश्री बंद झाल्याचीही तगमग असते, आणि मिश्रीचं बायकांना कोणी विचारतच नाही. दम्याच्या वाफेनंतर हात थरथरतात, नाडी पळते. उलटीचं मेटोक्लोप्रमाइड शिरेतून भसकन दिलं की काही जणांना एका जागी बसवत नाही, ‘कसंतरीच होतंय’ म्हणत ते उठबस करत राहतात. हे इंजेक्शन दोन-तीन मिनिटं घेऊन सावकाश द्यायचं असतं. छातीत दुखतंय किंवा दम लागतोय म्हटलं की ऑक्सिजनचं प्रमाण, ईसीजी आणि डॉक्टर, याच क्रमाने. यातलं काही नाही हे पाहिल्यावरच चिंता हा शब्द कागदावर येतो.

मग विचारायचं, ‘नेमकी कशाची भीती वाटते?’ आणि गप्प बसायचं. दहा सेकंदांची शांतता आपल्यालाच जड जाते, पण खरं उत्तर तिच्यानंतरच येतं.

सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते भुलीबद्दल. ‘उठलोच नाही तर?’, ‘मधेच जाग आली तर?’, ‘पाठीतल्या इंजेक्शनने कंबर कायमची जाते म्हणतात.’ पाठीतली भूल असेल तर मी क्रमाने सांगते : बसवून किंवा कुशीवर वाकवतील, पाठीला गार औषध लावतील, सुई बारीक असते, मग पाय गरम आणि जड होतील. हात लावलेला, ओढल्यासारखं कळेल, पण दुखणार नाही. हे शेवटचं वाक्य विसरायचं नाही. ते न सांगता आत गेलेला पेशंट पहिल्या स्पर्शालाच ‘भूल चढली नाही’ म्हणून ओरडतो. आत एसीने आणि भुलीने थंडी वाजते, पाय परत हलायला साधारण दोन ते चार तास लागतात, हेही आधी सांगून ठेवायचं. नाहीतर पाय हलत नाहीत या भीतीने वॉर्डात नवा गोंधळ होतो.

धोका किती, गाठ कसली, हे प्रश्न आले तर उत्तर मी देत नाही. सर्जन किंवा भुलीच्या डॉक्टरांना परत बोलावते. खोटा भरवसा दिला आणि काही उलटं झालं, तर त्या वॉर्डातल्या कोणत्याच सिस्टरवर ते कुटुंब विश्वास ठेवत नाही.

पैशाची भीती अनेकदा भुलीच्या भीतीमागे लपते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केस असेल तर मंजुरी आली का, कुठला कागद राहिला, एवढंच त्यांना हवं असतं. नातेवाइकांना आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्याच्या, टेबलावर पाठवून उत्तर आणायला सांगितलं की नाडी खाली आलेली मी पाहिली आहे. बायकांची एक भीती कोणी बोलत नाही : बेशुद्ध असताना अंगावर कपडा असेल का, आत पुरुष किती असतील, लघवीची नळी कोण घालणार. मी स्वतःहून विषय काढते. जेवढा भाग लागतो तेवढाच उघडा असतो, बाकी अंगावर चादर असते, आत आमच्या सिस्टर असतात.

श्वासाचा व्यायाम सगळे सांगतात आणि बरेच जण चुकीचा सांगतात. ‘जोरात मोठा श्वास घ्या’ म्हटलं की आधीच भरभर चाललेला श्वास आणखी वाढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, बोटं आखडतात आणि पेशंटला वाटतं लकवा भरला. भर सोडण्यावर हवा. पाठीशी उशी देऊन अर्धं बसवायचं, एक हात पोटावर. नाकाने चार आकडे श्वास आत, ओठांचा चंबू करून सहा आकडे बाहेर. आकडे मी मोजते, त्यांनी मोजायचे नाहीत. पाच मिनिटं पुरतात. चक्कर आली तर थांबायचं. तोंडावर कागदी पिशवी धरायची जुनी पद्धत आता वापरू नये. आतून दमा, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गाठ किंवा हार्ट अटॅक असेल तर ती घातक ठरते.

झोप न लागणाऱ्यांना स्नायू आवळून सोडायला सांगते : पावलं, पिंढऱ्या, मुठी, खांदे, चेहरा, पाच सेकंद आवळायचं, दहा-पंधरा सेकंद सैल. हर्नियाच्या पेशंटला पोट आवळायला लावायचं नाही, आणि ज्या पायाला सूज किंवा दुखापत आहे तो वगळायचा.

पॅनिक आलंच तर पडदा ओढायचा, भोवतीचे नातेवाईक कमी करून एकच ठेवायचा, बोलणारी सिस्टरही एकच. ‘मी इथेच आहे. श्वास सोडा. अजून सोडा.’ हात धरायचा तो विचारून. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. तोवर ऑक्सिजनचं यंत्र बोटाला लावून ठेवायचं.

झोपेची गोळी भुलीच्या डॉक्टरांनी लिहिली असेल तरच. बहुधा अल्प्राझोलाम ०.२५ किंवा ०.५ मिलिग्रॅम असते. देण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या : संमतीपत्रावर सही झाली आहे, आणि पेशंट लघवीला जाऊन आला आहे. गोळीनंतर कॉटचा कठडा वर. सत्तरीपुढच्या माणसाला हीच गोळी उलटी लागू शकते, रात्री उठून सलाईन ओढतो, पडतो. घोरताना श्वास अडकणारे आणि जुन्या दम्याचे पेशंट असतील तर डॉक्टरांना परत विचारल्याशिवाय मी देत नाही.

उपाशी ठेवण्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. हलकं जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी ‘रात्री बारानंतर काहीच नाही’ असा सरसकट हुकूम सुटतो. यादीत शेवटचा नंबर असलेला माणूस दुपारी दोनला चिडलेला, थरथरणारा दिसतो तो तहानेने. सकाळी यादी आली की उशिराच्या नंबरांसाठी पाण्याची परवानगी भुलीच्या डॉक्टरांकडून मागून घ्यावी, आणि मिळाली ती वेळ घालून लिहावी.

मंगळसूत्र काढायचं हे ऐन ट्रॉलीवर सांगितलं की बाई कोसळते. रात्रीच सांगायचं, कशासाठी तेही सांगायचं, सकाळी तिने स्वतःच्या हाताने काढून घरच्या माणसाकडे द्यायचं आणि वहीत त्याची सही घ्यायची. चष्मा आणि कानाचं यंत्र सगळ्यांत शेवटी, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी. दिसत नाही, ऐकू येत नाही अशा अवस्थेत आत ढकललेलं माणूस घाबरणारच.

नातेवाइकांना वेळ सांगताना ऑपरेशनचा एक तास सांगायचा नाही. भूल, तयारी, नंतरची रिकव्हरी धरून तीन तास सांगायचे. एक तास सांगितला तर दुसऱ्या तासाला दारावर थापा सुरू होतात.

ऑपरेशननंतर वॉर्डात आलेला पेशंट तगमग करत असेल तर पुन्हा शरीरच आधी : ऑक्सिजन, नाडी-बीपी, ड्रेसिंग आणि ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी), दुखणं, साखर. आणि ओटीपोट हाताने चाचपून पाहायचं. पाठीतल्या भुलीनंतर लघवी तुंबलेली असू शकते आणि पेशंटला ते कळत नाही. लघवीची नळी घातल्यावर शांत झोपतो, आणि कोणी झोपेचं इंजेक्शन मागत असेल तर ते वाचतं.

घरीही महिनोन्‌महिने झोप नाही, धडधड आहे, किंवा ‘जगून काय करू’ असं कोणी बोललं, तर ते काम आमच्या श्वासाच्या व्यायामाचं नाही. त्याच पाळीत डॉक्टरांना सांगून मानसोपचार विभागाला कळवायचं, मरणाची भाषा असेल तर पेशंटला एकटं सोडायचं नाही, आणि डिस्चार्जच्या वेळी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर कार्डावर लिहून द्यायचा.

नोंदवहीत ‘पेशंट घाबरलेला आहे’ एवढं लिहून रात्रपाळीला काही कळत नाही. मी असं लिहिते : ‘रा. ८.३० – नाडी १०८, श्वास २४, तळहात ओले. साखर १२६, ऑक्सिजन ९८. “भुलीतून उठणार नाही” म्हणतात. भीती १२ आणे. भुलीच्या डॉक्टरांनी येऊन समजावलं, श्वासाचा व्यायाम ५ मिनिटं. रा. ९.१५ – नाडी ८८, श्वास १८, भीती ६ आणे. मुलगा रात्री सोबत. पहाटे ५ ला परत पाहणे.’