इमामांचा पूल

रजब या इस्लामी महिन्याची पंचवीस तारीख जवळ आली की बगदादचे मोठे रस्ते गाड्यांना बंद होतात. शियांचे सातवे इमाम मूसा अल-काझिम यांच्या शहादतीचा तो दिवस. काळ्या कपड्यांतली माणसं त्यांची मजार असलेल्या काझिमियाच्या दिशेने चालत असतात, आणि वाटेवर जागोजागी मौकिब, म्हणजे यात्रेकरूंच्या सेवेचे मांडव. यंदा शेजारच्या खालाबरोबर मीही निघाले. खाला म्हणजे मावशी. एका मांडवात म्हाताऱ्या आजोबांनी हातात इस्तिकान ठेवलं, तळाशी बोटभर साखर असलेला चहाचा छोटासा पेला. पैसे विचारले तर त्यांना वाईट वाटलं.

झडती चार ठिकाणी झाली. बायकांची रांग वेगळी, आडोसा वेगळा. खाला दरवेळी पिशवी स्वतःहून उघडून पुढे करायची.

तिग्रिस नदीवर आलो आणि तिने माझं मनगट पकडलं. इमामांचा पूल. अलीकडे आधमिया, सुन्नींची वस्ती. पलीकडे काझिमिया, शियांची. ३१ ऑगस्ट २००५ ला सकाळी यात्रेकरूंवर तोफगोळे पडले होते. नंतर पुलावर कुणीतरी ओरडलं, गर्दीत बॉम्बवाला आहे. बॉम्ब नव्हताच. चेंगरून आणि नदीत पडून साडेनऊशेहून अधिक माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं फार. खालाची धाकटी बहीण त्यांत होती. नंतर पुलावर चपलांचा खच पडला होता. खाला तो दोन दिवस उपसत राहिली.

मी म्हटलं, म्हणजे अफवेनं घात केला. तिला ते पटलं नाही. २ मार्च २००४ ला, आशूराच्या, म्हणजे इमाम हुसैन यांच्या शहादतीच्या दिवशी, याच काझिमियात आणि करबलामध्ये एकाच वेळी स्फोट घडवले होते, दीडशेहून अधिक माणसं मेली होती. ते ज्यांनी पाहिलं होतं, ते ओरड ऐकून उभे कसे राहतील? मला तिचंच खरं वाटतं. त्या पुलावरचे बळीही बॉम्ब लावणाऱ्यांच्याच खात्यावर जातात.

त्या दिवशी आधमियातल्या एका सुन्नी तरुणाने नदीत उडी घेतली होती. एकेकाला काठावर आणत तो पुन्हा पुन्हा पाण्यात शिरला आणि शेवटी दमून बुडाला. पूल पुढे तीन वर्षं बंद होता, २००८ च्या नोव्हेंबरात उघडला.

मजारीच्या जाळीला बोटं अडकवून खाला बराच वेळ उभी होती. आधी बहिणीचं नाव घेतलं, मग त्या मुलाचं.